मागच्या फाळक्याचा दिवा

सुजाता,

स्विच मागे हवा, असं तू म्हणालीस. गाडीचे सगळे स्विच ड्रायव्हरच्या हाताशी असतात, असं मी म्हणालो. आपलं बोलणं इथे थांबलं होतं. तू चहाचं आधण ठेवलंस, तेवढ्यात तुझा फोन वाजला. कुणाची तरी म्हैस पान्हवत नव्हती आणि त्या माणसाला तू फोनवरच समजावत बसलीस. चहा मी गाळला. तो विषय पुन्हा निघाला नाही. निघेल, असं मी धरून चाललो होतो. आपल्या घरात कुठलाच विषय एका बैठकीत संपत नसे. न्हाणीघराच्या फरशीचा रंग ठरायला आपण एक अख्खा उन्हाळा घालवला होता. या विषयाला तेवढी सवड मिळाली नाही. त्याच आठवड्यात, सकाळी दवाखान्यात निघताना, तू गमबूट चढवायला खाली वाकलीस ती उठलीच नाहीस.

तुझी माहिती सगळ्यांनी सांगून झाली आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बरेच जण बोलले. तुझं शिक्षण, सरकारी नोकरी, ती सोडून आर्वी रस्त्याला काढलेला जनावरांचा दवाखाना, पावसाळ्यात काळ्या चिखलातून जीप घालून खेड्यापाड्यांत जाणारी डॉक्टरीणबाई. सगळं बरोबर होतं. मी मान हलवत होतो. एका वक्त्याने दवाखान्याचं साल चुकवलं, ते मी नंतर त्याला बाजूला घेऊन दुरुस्त करून दिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तिथंबी?" हो, तिथेही.

मला सांगायचं आहे ते त्या दिव्याचं. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, कारण अर्धा वाद तुझा होता.

दिवा तूच आणलास, आर्वीहून, ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळतात त्या दुकानातून. चौकोनी, पांढऱ्या उजेडाचा, ट्रॅक्टरवाले नांगरणीला लावतात तसला. खोका आणून तू स्वयंपाकघरातल्या फळीवर मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलास. मी तो उचलून हत्यारांच्या कपाटात ठेवला. तो परत फळीवर आला. मी परत कपाटात ठेवला, परत फळीवर.

"वस्तूला जागा असते," मी म्हणालो.

"नजरेसमोर राह्यला तं काम होईन. कपाटात गेली तं तुमच्या यादीत जाते अन् यादीत गेली तं पुढच्या महिन्यात जाते."

मुळात तो दिवा का आणला, यावरच आपलं एकमत नव्हतं, हे मला उशिरा कळलं. जीपचा मागचा मूळ दिवा मंद होता. तू संध्याकाळी घरी आलीस की गाडी उलटी आत घ्यायचीस, तोंड रस्त्याकडे ठेवून, म्हणजे सकाळी बोलावणं आलं तर सरळ निघता यावं. उलटी घेताना अंगणातली नळाची तोटी तुटायची. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की हा दिवा रिव्हर्स गियरला जोडायचा.

"रिव्हर्स टाकला की आपोआप लागेल, पुढे निघालीस की आपोआप विझेल," मी म्हणालो. "तुला काही करायचंच नाही."

"मले रिव्हर्ससाठी नाई पायजे तो."

"दोनदा तोटी तोडलीस तू."

"एकदा. दुसऱ्यांदा तोटीच पुढं आलती."

"मग कशासाठी पाहिजे?"

"मागं काम असते ना माह्यं. फाळका खाली पाडला का तोच माहा टेबल."

"मग डॅशबोर्डवर स्विच देतो."

"म्हंजे पुढं जा, दिवा लावा, मागं या. विझवाले परत पुढं जा. हात कसे असतात माह्ये तवा, पाह्यले का तुमी? त्या हातानं गाडीचं दार उघडू?"

"मागे स्विच दिला तर गावातली पोरं येता-जाता दाबतील. बॅटरी उतरेल. मग काय करशील?"

"धक्का माराले सारं गाव येते," तू म्हणालीस. "उजेड धराले कोणी येत नाई."

त्यावर मी ते ड्रायव्हरच्या हाताचं म्हणालो. आणि मग म्हैस.

तू गेल्यावर मी यादी केली, हे तुला सांगायला नको. मृत्यूचा दाखला, बँक, गॅसचं कार्ड, विजेचं मीटर. आपली रुपाली पुण्याहून आली होती, तिने कागद झेरॉक्स करून दिले आणि माझ्या यादीकडे बघून रडली. का रडली ते मी विचारलं नाही. एक काम संपलं की मी त्यावर रेघ मारत गेलो आणि यादी उतरत गेली. कॉलेजात आमच्या कार्यालयातले लोक म्हणाले, साहेब लवकर सावरले. मीही त्यांना तसं म्हणू दिलं. हाताशी काम असलं की माणूस बरा दिसतो.

एकच गोष्ट मी यादीत घेतली नाही, ती म्हणजे तुझा फोन बंद करणं. तो अजून चार्जिंगला लावतो. सुरुवातीला दिवसातून बरेचदा वाजायचा. एका संध्याकाळी एक म्हातारा माणूस बोलत होता.

"बाई हाये का?"

"नाहीत."

"बाहेर गेल्या का? कवा येतीन?"

मी सांगितलं. पलीकडे कुठेतरी बकरी ओरडत होती. तो म्हणाला, "बाई चांगल्या होत्या." मग म्हणाला, "मंग गाईले काय देऊ आता?"

त्या दिवसांत मला भेटायला आलेल्या सगळ्या माणसांत मला तो माणूस सर्वांत जवळचा वाटला. मी त्याला पल्लवीचा नंबर दिला. एकेक आकडा दोनदा म्हणवून घेतला. तूही तसंच केलं असतंस.

पल्लवी तुझ्याकडे शिकायला आली तेव्हा सुईला घाबरायची, हे तूच सांगायचीस. आता दवाखान्याचं सगळं काम तीच बघते. रुपाली म्हणाली होती, "बाबा, जीप विकून टाका, तुम्ही तर चालवत नाही." खरंच आहे. मला माझी स्कूटर पुरते. पण बाहेरच्या माणसाला विकायची म्हटल्यावर मी कागद शोधण्यातच दिवस काढायला लागलो. कागद तर मीच लावलेले होते, हात घालताच सापडले असते. मग पल्लवीचा फोन आला.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"मॅडमची गाडी कोणाले देऊ नका. मले पायजे. पावसात त्या रस्त्यानं दुसरी कोणती जात नाई."

मी हो म्हणालो. रविवारी येते, म्हणाली.

म्हणून रविवारच्या आत गाडी तयार करायची ठरली. विम्याचा कागद, धुराचा दाखला, स्टेपनीत हवा, फोर व्हीलच्या दांड्याला ग्रीस. सगळं झालं. राहिला दिवा. खोका फळीवरच होता, तुझ्या जागेवर. तो तसाच पल्लवीच्या हाती देऊन, तुझ्या सोयीने लावून घे, असं म्हणता आलं असतं. तेच सोपं होतं. पण मग आपला वाद खोक्यात घालून दुसऱ्याच्या घरी पाठवल्यासारखं झालं असतं. गाडी जाणार होती. तिच्याबरोबर तुझं बोलणं अर्धवट जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. आणि त्यात अडचण अशी की आता वादात मी एकटाच. माझ्या मनासारखं करायला कुणाचीच हरकत नव्हती. तुला माहीत आहे, मला हरकतीशिवाय काम करायची सवय नाही.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. ठरल्याप्रमाणे, म्हणजे माझ्या ठरल्याप्रमाणे, रिव्हर्स गियरच्या वायरवरून दिवा घ्यायचा. पोर्चमध्ये सतरंजी टाकली, पाने मापाप्रमाणे मांडले, वायरी कापल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नाव लिहिलं. मागच्या वेळी हे करताना तू पायरीवर शेंगा सोलत बसली होतीस.

"काय लिहून राह्यले?"

"कुठली वायर कुठे जाते ते."

"वायरीचं बारसं करून राह्यले तुमी. घुगऱ्या शिजवू का?"

या वेळी पायरीवर कुणी नव्हतं. शेजारच्या मावशींनी भिंतीवरून डोकावून विचारलं, काय चाललंय? दिवा लावतोय, म्हणालो. बरं, म्हणाल्या आणि गेल्या. तू गेल्यापासून लोक माझ्याशी फार कमी बोलतात. मला त्रास होऊ नये म्हणून. त्यांना वाटतं, माणसाला अशा वेळी एकटं सोडावं. तो सोडून देण्याचा भाग आता पुरेसा झाला आहे, हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नाही.

वायर ओढून झाली. दिवा मागच्या चौकटीला बसवला. चावी फिरवली, रिव्हर्स टाकला आणि सवयीने मान मागे न वळवता ओरडलो, "लागला का?"

मागचा दिवा ही दोन माणसांची गोष्ट आहे, सुजाता. पुढचा दिवा चालवणाऱ्याला दिसतो. मागचा दिसत नाही. एकाने सीटवर बसायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. आपण किती वेळा केलं ते. आणि तू कधीही सरळ सांगितलं नाहीस.

"लागला का?" मी ब्रेक दाबून विचारायचो.

"पपई लाल झाली."

आपल्या मागच्या भिंतीजवळची पपई. गाडीचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे पाठ पपईकडे. इंडिकेटर लावला तर, "पपई पिवळी. गेली. पिवळी. गेली." मी चिडायचो. म्हणायचो, पपई नको सांगू, दिवा सांग. तू म्हणायचीस, "दिव्याकडं काय पाहाचं? त्यानं काय दिसते ते पाहाव ना." आणि रिव्हर्सचा जुना मंद दिवा लावला, तेव्हा तू बराच वेळ काही बोललीच नाहीस. मी परत विचारलं, लागला का? तू म्हणालीस, "लागला म्हणता तं लागला असन. पपई काही दिसत नाई." तिथूनच या चौकोनी दिव्याची कथा सुरू झाली.

शनिवारी उत्तर आलं नाही. मी उतरून मागे गेलो. दिवा लागलेला होता. बघता बघता विझला. फाळका हलवला की लागायचा, सोडला की विझायचा. म्हणजे कुठेतरी सैल. आता ही सैल जागा शोधायची तर एकाने पुढून वायर हलवायची आणि दुसऱ्याने मागे बघायचं. मी पुढे जाऊन वायर हलवायचो आणि मागे येऊन बघायचो. मागे येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. आरसा लावून पाहिला. भिंतीवर उजेड पडतो का ते पाहिलं. भर दुपारी काय दिसणार? शेवटी पायरीवर जाऊन बसलो आणि तुझ्या आवाजात स्वतःला विचारलं, रंग खरवडला का?

दिव्याची एक वायर बॅटरीकडून येते आणि दुसरी गाडीच्या लोखंडाला आवळायची असते. लोखंडावर रंग असेल तर वीज अडते. हे मला पक्कं माहीत आहे. पण गेल्याच वर्षी गाडीला नवा रंग दिलेला, तो खरवडायला माझा हात धजत नाही. मी नेहमी दातांची वाशर लावून भागवतो आणि ते नेहमी फसतं. दर वेळी तू पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात देऊन म्हणायचीस, "गाडीले रंग पायजे का उजेड?"

खरवडला. लोखंड चमकेपर्यंत. दिवा पक्का लागला. माझ्या पद्धतीने काम तिथे संपलं होतं.

फक्त वायरी बांधून घ्यायच्या राहिल्या होत्या, फाळक्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे उजेड पोचत नाही. तोवर दिवस कलला होता. सीटखालच्या डब्यातून तुझा टॉर्च काढला. त्याच्या शेपटाकडचं रबर कुरतडलेलं आहे. मी एकदा विचारलं होतं, याला उंदीर लागला की काय? तू म्हणाली होतीस, "हो, मोठा उंदीर हाये." आणि मी खरंच डब्यात उंदराच्या गोळ्या टाकल्या होत्या.

दोन्ही हात वायरीत अडकलेले. टॉर्च धरायला कुणी नाही. म्हणून मी तो दातांत धरला. माझे दात त्या खाचांवर जाऊन बसले.

मी तसाच थांबलो. रबराची कडवट चव, जबडा लगेच दुखायला लागतो, लाळ हनुवटीवरून खाली येते आणि पुसायला हात मोकळा नसतो. मान जरा वळली की उजेड दुसरीकडे. आणि तोंडात टॉर्च असला की बोलता येत नाही. तुला, झोपेतसुद्धा बोलणाऱ्या बाईला, तसं किती वेळ उभं राहावं लागत असेल.

तू मला गोठ्यांतल्या गोष्टी सांगितल्या होत्यास. जेवताना सांगायचीस, आणि मला ठसका लागेपर्यंत हसवायचीस. ती गाय अडली होती तेव्हाची. मालकाच्या हातात टॉर्च दिला आणि त्याला ते बघवेना. "त्याचं तोंड तिकडं, टॉर्चबी तिकडं. मी म्हणलं, भाऊ, वासरू आढ्यातून येणार नाई, इकडं धरा. तं म्हणते, बाई, तुमी सांगजा झालं का, मी मंग पाहातो." मी हसलो होतो. तू हसावं म्हणूनच सांगितलं होतंस. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आता कळतं, पुढे तू त्याच्या हातातून टॉर्च घेऊन दातांत धरला असशील. थंडीत सहा वाजताच अंधार, गावात लाइट गेलेली, पाठीमागे जीपचा फाळका उघडा, त्यावर तुझी औषधं, आणि कुठली बाटली कुठली ते हाताने चाचपून बघायचं. त्या संध्याकाळींचा हसण्याचा भाग तेवढा तू घरी आणायचीस. उरलेला तिकडेच ठेवून यायचीस. माझ्यावर उपकार होते ते. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझी बायको मजेत फिरते.

उजेड धराले कोणी येत नाई. हे वाक्य तू विनोदाच्या सुरात म्हटलं होतंस. आणि ते जसंच्या तसं खरं होतं.

मी टॉर्च तोंडातून काढला, रबर पुसलं आणि वायरी सोडायला लागलो. सगळ्या. बारसं झालेल्या. रिव्हर्स गियरपासून दिवा तोडला आणि बॅटरीकडून सरळ मागे नवी वायर आणली, मध्ये फ्यूज ठेवून, म्हणजे चावी तुझ्या खिशात असली तरी दिवा लागावा. स्कूटर काढून गेलो आणि पावसात चालणारा, वर रबरी टोपी असलेला मोठा स्विच घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, गाडीत कुठे बसवणार? मागे, म्हणालो. तो म्हणाला, स्विच तर पुढे असतो. मी म्हणालो, आमच्याकडे मागे असतो.

मग प्रश्न आला, किती उंचीवर. तुझे हात भरलेले असणार, म्हणजे बोटांनी नाही, कोपराने दाबता आला पाहिजे. म्हणजे तुझ्या कोपराची उंची पाहिजे. तू माझ्या खांद्याला लागायचीस. मी फाळक्यापाशी उभा राहिलो, गुडघे वाकवून तुझ्याएवढा झालो आणि कोपर बाहेर काढून चौकटीला टेकवून पाहिलं. शेजारच्या मावशी नेमक्या त्याच वेळी भिंतीवर आल्या.

"काय करून राह्यले भाऊ?"

"माप घेतोय."

"कशाचं?"

"सुजाताचं," मी म्हणालो.

त्या या वेळी लगेच गेल्या नाहीत. भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी कोपराशी खडूची खूण केली, भोक पाडलं, स्विच बसवला. मग त्यांनी आतून वाटीभर वांग्याची भाजी आणून भिंतीवर ठेवली आणि म्हणाल्या, "वाटी धून नका देऊ, तशीच द्या." बऱ्याच दिवसांनी मला कुणी कामाचं काही सांगितलं होतं.

पल्लवी तुझ्याहून बरीच उंच आहे, हे मला माहीत होतं. तरी माप तुझंच धरलं. तिला थोडं वाकावं लागेल. वाकू दे.

एक गोष्ट मात्र मी माझी केली. डॅशबोर्डवर एक छोटा लाल ठिपका बसवला. मागचा दिवा चालू असला की तो पेटतो. म्हणजे पोरांनी स्विच दाबला किंवा तू विसरलीस, तरी सीटवर बसताच दिसेल. अजून एखादा आठवडा मिळाला असता तर आपण इथेच येऊन पोचलो असतो: तुझा स्विच, माझा ठिपका. आणि तू म्हणाली असतीस, "मी पह्यल्या दिवशीपासून हेच सांगून राह्यली होती." आणि मी म्हणालो असतो, ठिपक्याचं कुठे सांगितलं होतंस? आणि मग चहा.

रविवारी पल्लवी आर्वीहून एसटीने आली. वाटेत एका गावी उतरून बैल बघून आली, त्यामुळे पोचायला संध्याकाळ झाली. पोर्चमध्ये येऊन जीपवरून हात फिरवला, मग माझ्या पाया पडली. मला अशा वेळी काय करावं कळत नाही. मी तिला कागदांची फाइल दिली, कुठला कागद कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवलं, फोर व्हील कधी टाकायचा आणि काढायला विसरायचं नाही ते सांगितलं.

"माहीत हाये काका. मॅडमनं शिकवलं मले. शिव्या देऊन देऊन."

"टॉर्च नाहीये डब्यात," मी म्हणालो. "तो मी ठेवला आहे. तुला त्याची गरज पडणार नाही. बस सीटवर."

ती बसली. मी मागे गेलो. फाळका खाली पाडला. अंगणात आता मागचं काहीच धड दिसत नव्हतं. भिंत, नळ, सगळं एकाच काळ्या रंगाचं. हे आता लिहितोय तेव्हा पोर्च रिकामा आहे आणि तो इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्या वेळी गाडी अजून तिथे होती. एक जण सीटवर होतं आणि एक जण मागे. मी तुझ्या जागेवर उभा होतो. गुडघे जरा वाकवले आणि कोपराने स्विच दाबला.

"ठिपका पेटला का?" मी विचारलं.

"पेटला," पल्लवी पुढून ओरडली. "लाल. मागं लागला का काका?"

मी दिव्याकडे बघितलंच नाही. समोर बघत होतो. खोडावरच्या जुन्या देठांच्या खुणा दिसत होत्या, पानांची बोटं दिसत होती, आणि वर, एका बाजूला, तू पिकू दे म्हणून राखलेलं एक फळ, अर्धं पिवळं झालेलं.

"काका? लागला का?"

"पपई दिसून राह्यली," मी म्हणालो.

"काय म्हणलं?"

"लागला."